दहा अक्षरं, पासष्ट बाइट

आमच्याकडे ‘ओव्हरफ्लो’ हा आनंदाचा शब्द आहे. येलदरी ओव्हरफ्लो झाल्याची बातमी आली की परभणी-जिंतूरहून लोक गाड्या काढून धरणावर जातात. बायका पाण्याची ओटी भरतात, पोरं कठड्याला टेकून फोटो काढतात, कणसं भाजणाऱ्याची गाडी लागते. जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले की गोदाकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो हे खरं, पण बाकीच्या मराठवाड्याला त्या रात्री शांत झोप लागते. त्यामुळे २०११ साली पुण्यातल्या पहिल्या नोकरीत ट्रेनिंग देणाऱ्या बाईंनी फळ्यावर ‘बफर ओव्हरफ्लो’ लिहिलं आणि चेहरा गंभीर केला, तेव्हा मला आधी हसूच आलं. भरून वाहणं हा आजार कसा असेल?

आजार आहे हे तेव्हा पाठ केलं. तो स्वतःच्या घरात पाहायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. निमित्त झालं अण्णांच्या हट्टाचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. लॉकडाउनमध्ये मी लॅपटॉप घेऊन परभणीला परत आले ती इथेच राहिले. कंपनी पुण्यात, मी माडीवरच्या खोलीत. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर नेटचा डबा. तो केबलवाल्याच्या पोरानं आणून लावला, त्यावर आईनं विणलेला रुमाल पडला, आणि घड्याळाकडं बघावं तसं आम्ही त्याच्याकडं बघू लागलो. म्हणजे चालू आहे तोवर बघतच नाही.

श्रावणातल्या एका दुपारी अण्णा मोबाइल घेऊन आले. वायफायच्या यादीत शेजारच्यांचं नाव ‘जय मल्हार’ असं झळकत होतं. आमचं म्हणजे कंपनीचं नाव आणि त्यापुढं सहा आकडे.

“दुकानाला पाटी न्हाई, असं दिसायलंय,” ते म्हणाले. “आपलं बी नाव लिव.”

“काय लिहू?”

“वहीत लिवतो ते.”

अण्णांच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, कुंकवाच्या बोटाखाली, एकच ओळ असायची : श्री तुळजाभवानी प्रसन्न. मी डब्याचं पान उघडलं, जुनं नाव खोडलं, ही ओळ टाइप केली. चौकटीखाली बारीक अक्षरांत ‘जास्तीत जास्त ३२ अक्षरं’ अशी सूचना होती. पानानं कुरकूर केली नाही. सेव्ह केलं. डब्याचे दिवे विझले, परत लागले. अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. यादीत नाव आलं : ‘श्री तुळजाभ’, आणि पुढं प्रश्नचिन्हाची एक काळी टिकली.

“भवानीचा नुसता भ?”

तेवढंच असतं तर हसून सोडलं असतं. पण डबा कुणालाच आत घेईना. पासवर्ड आमचा जुनाच होता, आईच्या माहेरच्या गावाचं नाव नि पुढं आकडे (आता बदललाय, म्हणून सांगते). माझा फोन, अण्णांचा फोन, लॅपटॉप, सगळ्यांना एकच उत्तर : पासवर्ड चुकीचा. मग माळ्यावरून नेटची वायर शोधून काढली, लॅपटॉप थेट डब्याला जोडला आणि पासवर्डची चौकट उघडली. डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून आत काय आहे ते पाहिलं.

आधी एक प्रश्नचिन्ह. मग ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला एक एकटाच काना. मग ‘नी प्रसन्न’.

घराचा पासवर्ड ‘नी प्रसन्न’ झाला होता.

मी खुर्चीत मागं टेकले. चौदा वर्षं मी असल्याच डब्यांच्या आतलं लिहायचं-तपासायचं काम करते. पुस्तकात, स्लाइडवर, दुसऱ्यांच्या अहवालांत ही गोष्ट शेकडो वेळा वाचलेली. पण आपल्याच देवीचं नाव आपल्याच पासवर्डच्या खोलीत पाय पसरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. कागद घेऊन मोजायला बसले.

डोळ्याला ही दहा अक्षरं आहेत : श्री, तु, ळ, जा, भ, वा, नी, प्र, स, न्न. अण्णांना विचारलं तर ते दहाच म्हणतील, आणि लहानपणी मुळाक्षरं शिकलेला कुणीही तसंच म्हणेल. संगणकाचं तसं नाही. त्याच्या लेखी ‘श्री’ म्हणजे श, पायमोड, र आणि दीर्घ वेलांटी, असे चार वेगळे तुकडे. तसे सगळ्या ओळीचे २१ तुकडे होतात, दोन मोकळ्या जागा धरून २३. ब्राउझरमधल्या पानानं हे २३ मोजले, ३२ पेक्षा कमी आहेत म्हणून मान हलवली आणि पुढं धाडलं. पण डब्याच्या आत हिशोब बाइटचा, म्हणजे स्मृतीतल्या एकेका घराचा. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन लागतात. २१ त्रिक ६३, अधिक दोन मोकळ्या जागा, झाले ६५. वायफायच्या नावाला नियमानं जागा असते ३२ बाइटची.

डब्याच्या स्मृतीत नावासाठी ३३ घरं राखलेली असणार, ३२ नावाची आणि एक शेवटच्या खुणेचं. अशा राखीव जागेला बफर म्हणतात. त्याला लागूनच पासवर्डची घरं. ६५ बाइट ओळीनं ओतले गेले. ३३ नावात मावले, उरलेले ३२ शेजारी घुसले. ‘व’च्या तीन बाइटांपैकी दोन अलीकडं राहिले, एक पलीकडं गेला, ते प्रश्नचिन्ह म्हणजे तो तिसरा. त्याच्या मागून काना आला, नी आला, प्रसन्न आला. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट बाइटांचा चालतो, त्यामुळे डब्याला काही वावगं वाटलं नाही.

अण्णा शेजारी उभे राहून बघत होते. मी त्यांना कागदावर दोन चौकटी काढून दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला.

“म्हंजी तपशील खातेपानावर चढला.”

मला कळलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते इथं थोडं विस्तारानं लिहिते, कारण त्या फळ्यापासून आजपर्यंत हा विषय इतका नीट मला कुणी समजावला नव्हता.

रोजकीर्दीत ओळीनं रकाने असतात : तारीख, तपशील, मग एक अरुंद रकाना खातेपानाचा, मग रक्कम. खातेपान म्हणजे ही नोंद खतावणीत कुठल्या पानावर न्यायची त्याचा आकडा. दिवसभर मुनीम कीर्द लिहितो, संध्याकाळी दुसरा माणूस ती वाचत वाचत खतावणीत उतरवतो. तो तपशील वाचत बसत नाही. खातेपान बघतो, ते पान उघडतो, रक्कम मांडतो. एका मोसमात बोरीकडच्या एका शेतकऱ्याची तूर आली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. गावात त्याच नावाचे दोघे, म्हणून पुढं वस्तीचं नाव. आणि शेवटी ‘तूर पोती १४’. लिहिणारा नवा होता. तपशिलाचा रकाना संपला तरी त्याचा हात थांबला नाही, आणि ‘१४’ खातेपानाच्या रकान्यात जाऊन पडलं. संध्याकाळच्या माणसानं खतावणीचं १४वं पान उघडलं आणि तुरीचे पैसे भलत्याच्याच नावावर जमा केले.

“आणि ताळा?” मी विचारलं.

“ताळा जुळला की. रक्कम बरोबरच हुती, मानूस चुकला हुता.” लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणून तो शेतकरी पैसे मागायला आला तेव्हा चार महिन्यांनी चूक सापडली. तोवर वहीत कुठंही खोट नव्हती.

हेच ते बफर ओव्हरफ्लो. संगणक एक काम अर्ध्यावर ठेवून दुसरं छोटं काम करायला जातो तेव्हा ‘हे झालं की अमुक ठिकाणी परत ये’ असा पत्ता लिहून ठेवतो. स्मृतीच्या ज्या भागात तो हे लिहितो त्याला स्टॅक म्हणतात. त्या छोट्या कामाला कच्चं लिहायला लागणारी जागाही त्याच स्टॅकवर, त्या पत्त्याच्या अगदी कुशीत असते. कच्च्या जागेत मावणार नाही एवढं कुणी लिहिलं, तर लिखाण पत्त्यावर चढतं. यंत्र काम संपवून पत्ता बघतं आणि निमूटपणे तिथं जातं. तिथं पडलेला आकडा पोत्यांचा आहे की पानाचा, हे त्याला विचारायचं नसतं. नाव पाठवणाऱ्यानं नावाच्या शेपटीत मोजूनमापून पत्ता लिहिला असेल, आणि नावाच्याच पोटात यंत्राला कळणारे हुकूम लिहून ठेवले असतील, तर ते यंत्र त्या क्षणापासून त्याचं झालं.

“हे मुद्दाम कुणी केलं असतं तर?” मी अण्णांना म्हटलं. “म्हणजे ज्याचं १४वं पान आहे त्यानंच?”

“केलतं की एकानं,” ते शांतपणे म्हणाले. “दुसऱ्या सालाला.”

जगातही क्रम साधारण तसाच आहे, फक्त मधली वर्षं जास्त. स्मृतीत असं शेजारी चढता येईल ही शक्यता अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या एका अहवालात १९७२ मध्येच मांडलेली होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवर एक किडा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडला. त्याची पसरायची एक वाट होती ‘फिंगर’ नावाची सेवा : या यंत्रावर अमुक माणूस आहे का, एवढं विचारायची. नाव घ्यायला तिच्याकडं ५१२ बाइटची जागा होती. किड्यानं ५३६ बाइट पाठवले. जास्तीच्या २४ बाइटांत काय करायचं ते केलं. ते नाव उतरवून घेणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तयार तुकडा, होतं ‘गेट्स’. समोरचा थांबेपर्यंत लिहीत राहायचं, जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नव्हती. सी या संगणकभाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून ते काढून टाकलं २०११ मध्ये. तेवीस वर्षांनी. मी नोकरीला लागले ते साल.

सी मध्ये अक्षरांची ओळ कुठं संपते हे सांगायला शेवटी एक शून्य ठेवतात. अण्णांच्या भाषेत ‘मात्र’. अक्षरी रुपये चारशे बारा मात्र. मात्र लिहिलं की पुढं कुणी ‘हजार’ जोडू शकत नाही. सीमधलं नक्कल करणारं फंक्शन त्या शून्यापर्यंत उतरवत जातं, ज्या रकान्यात उतरवतोय तो संपला का हे बघत नाही. मात्र लिहायचं काम मजकूर पाठवणाऱ्याच्या हाती, आणि वही आपली! मोंढ्यात असा व्यवहार एक दिवस टिकला नसता.

आता माझ्याकडं येते, कारण टाळून चालणार नाही.

२०१२ च्या सुमाराला, त्या पुण्याच्या पहिल्या कंपनीत, आम्ही बाहेरच्या एका बोर्ड बनवणाऱ्यासाठी राउटरमधला, म्हणजे असल्याच नेटच्या डब्यातला, एक भाग लिहीत होतो. राउटरला पेनड्राइव्ह लावला की घरातल्या सगळ्या संगणकांना तो दिसावा, असं ते काम. जोडणारा संगणक आधी आपलं नाव सांगतो. ते नाव घ्यायला मी ६४ घरं ठेवली आणि न मोजता उतरवून घेतलं. मोजून उतरवणारं फंक्शन होतं. एक आकडा जास्त द्यावा लागतो, बस. तपासताना सिनिअर तिथं क्षणभर थांबला. मग म्हणाला, “जाऊ दे. एवढं लांब नाव कोण टाकतंय?” मीही म्हटलं, हो ना, कोण टाकतंय. संध्याकाळी सहाची डेडलाइन होती आणि कँटीनमध्ये त्या दिवशी साबुदाणा वडा होता. हे मला अजून आठवतं याचं नवल वाटतं.

माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं नाव दोन ओळींत आहे. एवढं लांब नाव कोण टाकतंय हे मला तरी कळायला हवं होतं.

मे २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या सेक कन्सल्ट या संस्थेनं ‘नेटयूएसबी’ नावाच्या तुकड्यातलं भगदाड जाहीर केलं. तैवानच्या केकोड्स या कंपनीनं लिहिलेला तो तुकडा अनेक नामांकित ब्रँडच्या राउटरांत बसलेला होता. काम जवळपास आमच्यासारखंच, राउटरला लावलेलं यूएसबी उपकरण घरभर वाटायचं. आणि चूक : जोडणाऱ्या संगणकाचं नाव ६४ अक्षरांपेक्षा लांब असलं तर स्टॅक भरून वाहतो. तोही कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाभाऱ्यात. ६४. मी ते ऑफिसात वाचलं आणि खाली चहाला गेले. आमचा तुकडा वेगळा होता, कंपनी वेगळी, देश वेगळा. तरी दिवसभर पोटात खड्डा होता. त्या तैवानी खोलीतही कुणीतरी ‘एवढं लांब नाव कोण टाकतंय’ म्हटलं असेल, त्यांच्या भाषेत.

माझा तो भाग पुढं किती डब्यांत गेला मला माहीत नाही. चिप बनवणारा नमुन्याचा कोड देतो, बोर्डवाला त्यावर स्वतःचं चढवतो, ब्रँडवाला डब्यावर नाव छापतो, नेट देणारी कंपनी घाऊक उचलते, तिच्याकडून केबलवाला घेतो आणि शिडी लावून तुमच्या भिंतीवर ठोकतो. या माळेत मी तिसरी की चौथी. चूक मला दिसली तरी ती सांगायला उलटा रस्ताच नाही. तुरीवाला निदान बस्त्याच्या वेळी आडतीवर आला होता.

या उलट्या रस्त्याची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. रोमपेजर नावाचा छोटा वेब सर्व्हर असंख्य राउटरांत असायचा. डब्याचं जे पान आपण उघडतो ते दाखवणारा. त्यात एक दोष होता, ब्राउझरनं पाठवलेल्या कुकीतून (साइटनं ब्राउझरकडं ठेवायला दिलेली छोटी चिठ्ठी) स्मृतीत नको तिथं लिहिता यायचं. जात थोडी वेगळी, कूळ तेच. बनवणाऱ्या कंपनीनं तो २००५ मध्ये दुरुस्त केला. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीनं मोजलं तेव्हा १८९ देशांत किमान १ कोटी २० लाख उपकरणं तोच दोष घेऊन उघड्यावर बसलेली होती. औषध निघून नऊ वर्षं झाली होती. ज्यांनी राउटर बनवले त्यांनी ते उचललं नाही, आणि ज्यांच्या घरात राउटर होता त्यांना आपण आजारी आहोत हे ठाऊक नव्हतं.

मोबाइल रोज उठून ‘अपडेट करू का’ विचारतो, लॅपटॉप तर न विचारताच करतो. राउटरला तोंड नाही. चार दिवे, तेही हिरवे. मी आमच्या डब्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, कधीचं आहे ते पाहिलं : २०१७. कंपनीच्या साइटवर त्यानंतरचं काहीच नाही, मॉडेलच्या नावापुढं ‘बंद’ असा शिक्का.

खरं तर असल्या चढाईवर इलाज आहेत, आणि जुनेच आहेत. १९९८ मध्ये ‘स्टॅकगार्ड’ आलं. कच्च्या जागेच्या आणि परतीच्या पत्त्याच्या मध्ये एक गुप्त आकडा ठेवायचा, परत निघताना तो शाबूत आहे का बघायचं, बदललेला दिसला तर तिथंच काम थांबवायचं. खाणीत विषारी वायू कळावा म्हणून नेत त्या पक्ष्यावरून त्याला ‘कॅनरी’ म्हणतात. अण्णा म्हणाले, त्या तुरीच्या भानगडीनंतर ते तपशिलाच्या रकान्याच्या शेवटी लाल शाईची रेघ ओढून ठेवायचे आणि निळी शाई लाल रेघ ओलांडून गेलेली दिसली की संध्याकाळचा माणूस ती ओळ उतरवायचाच नाही. मोठ्या संगणकांत ही लाल रेघ आता सवयीची झाली आहे. स्वस्त राउटरात बरीच वर्षं ती ओढलीच जात नव्हती. जून २०२० मध्ये नेटगिअरच्या ७९ मॉडेलांमध्ये, ७५८ फर्मवेअरांत मिळून, वेब सर्व्हरमधली एकच स्टॅकवरची चढाई सापडली, आणि तिथं जवळजवळ कुठंच कॅनरी नव्हता. हा वेब सर्व्हर बहुतेक वेळा सगळे अधिकार घेऊन चालतो. ज्याच्या हातात पान आलं त्याच्या हातात डबा.

बाहेरून कुणी आमच्या पानापर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक डब्यांचं पान घराच्या आतूनच उघडतं. पण काहींचं बाहेरूनही उघडं ठेवलेलं असतं, केबलवाल्याला दुकानात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून. आमचंही होतं! शिवाय घरातल्याच ब्राउझरनं एखादं वाईट पान उघडलं तर ते पान आतून डब्याला पत्र धाडू शकतं. आणि टीव्ही-प्रिंटरनी एकमेकांना आपोआप ओळखावं म्हणून असलेली यूपीएनपी सेवा, जिला घराबाहेर उत्तर द्यायचं काहीच कारण नाही, तिची २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीनं मोजदाद केली तर आठ कोटींहून जास्त पत्त्यांवरून उत्तरं आली. हाक मारली आणि आठ कोटी घरांतून ओ आली.

“पण आपल्या घरात काय हाय चोरायला?” हा अण्णांचा प्रश्न. बँकेत पेन्शनीएवढेच पैसे, कपाटात आईचे दोन दागिने, बाकी वह्या.

मी म्हटलं, अण्णा, त्यांना आपलं काही नको असतं, आपला ओटा हवा असतो. आपल्या ओट्यावर उभं राहून तिसऱ्याच्या घरावर दगड मारायचा. दगड आला कुठून म्हणून पोलीस बघतील तेव्हा पत्ता आपला निघेल. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचं प्रकरण उघड झालं, ५४ देशांतले किमान ५ लाख डबे असे कुणीतरी ताब्यात घेतलेले. अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना विनंती केली, तुमचा राउटर एकदा बंद करून चालू करा. एवढी मोठी संस्था, आणि सांगणं आमच्या केबलवाल्या पोराचंच : “काका, एकदा स्विच बंद करून बघा.” त्याला मी तेव्हापासून जरा मान देते.

रविवारी दुपारी मी डबा नेटपासून तोडला आणि लॅपटॉपवरून, ब्राउझरचं पान मध्ये न घेता, त्याला थेट नावं पाठवत गेले. पन्नास अक्षरांचं, शंभराचं, दोनशेचं. तीनशेच्या पुढं कुठंतरी दिवे एकदम विझले आणि डबा आपोआप परत सुरू झाला. म्हणजे पासवर्डही ओलांडून मी पत्त्याच्या रकान्यापर्यंत पोचले होते. पुढं गेले नाही. चौदा वर्षांच्या अनुभवानं सांगते, तिथून पुढचं काम एका आठवड्याचं, आणि ते करायला हुशारीपेक्षा फुरसत जास्त लागते. जे पाहिलं ते लिहून ब्रँडच्या पत्त्यावर पाठवलं. तिकीट क्रमांक आला. बाकी काही आलं नाही.

नवा डबा मागवला. तो लावायला केबलवाला पोरगा आला, जुना काढून त्यानं पिशवीत टाकला.

“हा कुठं नेतोस?”

“चालू हाय की ताई. झरीला एक कनेक्शन हाय, तिथं लावतो. गरिबाचं काम व्हतंय.”

मी अडखळले. त्या घरात पोरांचा अभ्यास असेल, कुणाचं तरी पीकविम्याचं काम असेल. त्याला स्टॅक नि पत्ता सांगून उपयोग नव्हता. सांगितलं तरी तो म्हणणार, चालू तर हाय. मी म्हटलं, मला पाहिजे तो, कामासाठी. किती द्यायचे बोल. त्यानं विचार करून सहाशे म्हटलं. नव्या डब्यावर सहाशे जास्तीचे गेले, आणि झरीच्या घराला डबा कुठला मिळाला असेल ते मला माहीत नाही. त्याच्या पिशवीत तसलेच आणखी तीन होते, ते दिसत होते.

जुना डबा अण्णांच्या वह्यांच्या लोखंडी पेटीत ठेवला. पेटीत जागा करताना ती तुरीच्या सालाची कीर्द वर आली. अण्णांनी ओळ बरोबर शोधून काढली. निळी शाई आता तपकिरी झालीये. तपशील रकान्याची उभी रेघ ओलांडून गेलेला, आणि अरुंद रकान्यात, जरा तिरकं, १४. त्यावर नंतर कुणीतरी लाल शाईनं काट मारून शेजारी ६२ लिहिलेलं, खाली सही.

नव्या डब्याचं पान उघडलं आणि, हौस म्हणून, पुन्हा आख्खी ओळ टाइप केली. यानं सेव्ह करूच दिलं नाही. लाल अक्षरांत लिहून आलं की नाव फार लांब आहे. हा बाइट मोजत होता.

“मग काय बसतंय त्याच्यात?” अण्णांनी खुर्ची ओढली.

श्री काढलं. प्रसन्न काढलं. नुसतं ‘तुळजाभवानी’ : दहा तुकडे, तीस बाइट.

“किती ऱ्हायले?”

“दोन.”

“मग दोन उभ्या रेघा मार, पान संपवतो तशा.”

देवनागरीतल्या दोन रेघांचा दंड लिहून पाहिला. त्याला एकट्यालाच तीन बाइट लागतात. पान परत लाल झालं. मग कीबोर्ड इंग्रजी केला. तिथं उजव्या कोपऱ्यात एक सरळ उभी काडी असते, तिला बाइट एकच. ती दोनदा दाबली. बत्तीस. पानानं घेतलं. दिवे विझून लागले, अण्णांच्या मोबाइलवर नाव आलं, आणि ते आख्खं होतं.

केबलवाला पोरगा वायरी गुंडाळत होता. त्यानं स्वतःच्या फोनवर पाहिलं.

“काका, म्होरं ह्या दोन काड्या कामून हायत?”

“जागा संपली म्हून,” अण्णा म्हणाले.